तिसरा हुंकार

४ मार्च

ठकू बाळा,

आधी तो आवाज लिहितो, मग तुझ्या प्रश्नाकडे येतो.

आमच्या जुन्या घराखाली चढ होता. दादाची गाडी त्या चढाच्या पायथ्याशी चौथ्या गिअरमध्ये गुणगुणत यायची. वळणापाशी गुणगुण थांबायची. क्षणभर काहीच नाही. मग एक छोटा, घशातला हुंकार, आणि गाडी खालच्या पट्टीत गायला लागायची. वरच्या गिअरवरून खालच्यावर येताना मधे न्यूट्रलमध्ये जराशी रेस द्यावी लागते, नाहीतर गाडी धक्का खाते. तो हुंकार त्या रेसचा. पण तुझ्या बाबांचं तेवढ्यावर भागत नसे. फाटकापाशी आला की तो आणखी एकदा हुंकार द्यायचा, गाडीला त्याची काही गरज नसताना. म्हणायचा, एक गाडीसाठी, एक घरासाठी. दुसरा हुंकार ऐकू आला की वहिनी चहाचं आधण ठेवायच्या.

तू तेव्हा तीन वर्षांची होतीस. तुला आठवायचं कारण नाही.

मी शाळेत मुलांना कविता शिकवायचो, तो गॅरेजमध्ये गाड्या उघडायचा. मी वृत्तं समजावत बसलो की तो म्हणायचा, तुझी ती यती असते ना, ओळीच्या मधला थांबा, ती म्हणजे माझं न्यूट्रल. तिथे घाई केली की सगळं मोडतं. सबंध शिक्षकी पेशात यती इतकी चांगली मला कुणी समजावली नाही.

भंगारातून जोडलेली ती बिनटपाची दोन माणसांची गाडी चालवायला त्याने दोघांना शिकवलं. वहिनी महिनाभरात तयार झाल्या. पुढे पुढे तर चढावर हुंकार आले की दादा येतोय की वहिनी, हे बाहेर जाऊन पाहिल्याशिवाय कळत नसे. दुसरा विद्यार्थी मी. मी ढ निघालो.

तर तुझा प्रश्न. तू मनाजोगती गाडी घेते आहेस, लाल, बुटकी, दोन दारांची, आणि कंपनी विचारते आहे की गिअर हाताने टाकायचे का गाडीने आपले आपण. महिनाअखेरीस सांगायचं आहे. तू काकाला विचारलंस याचं बरं वाटलं. काकाचं उत्तर: ऑटोमॅटिक घे. गर्दीत पाय दुखत नाही. चढावर गाडी मागे जात नाही. तुझं काम दमवणारं आहे. आणि हात चुकण्याचा प्रश्नच उरत नाही. आपल्या घराने ते एकदा पाहिलं, तेवढं पुरे.

फोन करू नकोस. फोनवर मला निम्मं ऐकू येतं आणि उरलेलं निम्मं मी बनवतो. पत्रच बरं.

तुझा काका


११ मार्च

काका,

पत्र वाचून मी पाकीट उलटं करून पाहिलं, नक्की तुमचंच ना. ज्या माणसाने मला पुस्तक मिटून कविता म्हणायला लावल्या, ‘बघून म्हणायची ती कविता नव्हे, ती यादी’ असं म्हणत डोक्यात टपल्या मारल्या, तो म्हणतो गिअर यंत्राला टाकू दे. म्हातारे झालात हो.

शोरूममधल्या बाईंनी दोन्ही गाड्या चालवायला दिल्या. त्या तुमच्याच पक्षातल्या. म्हणाल्या, ऑटोमॅटिक पापणी लवायच्या आत गिअर बदलतं, माणसाच्या हाताला ते जन्मात जमायचं नाही; आणि हाताचा गिअर मागणारे आता वर्षाला दोघं-तिघं, पुढच्या वर्षीपासून कंपनी तो बनवणारच नाही. ऑटोमॅटिक खरोखर झकास आहे. गाडी माझ्याआधी विचार करत होती. मजा आली, आणि जरा अपमान झाल्यासारखंही वाटलं.

मग दुसरी चालवली. पहिला, दुसरा, तिसरा ठीक. तिसऱ्यातून चौथ्यात जाताना माझा हात थांबला. रस्ता रिकामा, इंजिन ओरडतंय, शेजारच्या बाई कौतुकाने हसताहेत आणि माझा हात दांड्यावर नुसता ठेवलेला. तिसऱ्यातच परत आले.

काका, सगळे म्हणतात माझे हात बाबांचे. लांब बोटं, रुंद तळवा. मी रोज माणसांना भूल देऊन झोपवते आणि परत जागं करते. सोळा वर्षांत एकदाही हात चुकलेला नाही. तरी सकाळी हातमोजे घालताना एक गोष्ट मनात येऊन जाते: त्यांचाही कधी चुकला नव्हता, चुकला त्या दिवसापर्यंत. मला गाडी ठरवायचीच नाहीये. या हातावर भरवसा ठेवायचा का नाही, ते ठरवायचंय.

आईला गाडी चालवता यायची, हे मला तुमच्या पत्रातून कळलं! मी तिला विचारलं. ती भाजी निवडत होती, ती तशीच ठेवून उठून गेली. एकोणचाळीस वर्षं ती हाताच्या गिअरच्या गाडीत बसलेलीसुद्धा नाही. रात्रीच्या जेवणाला बसलो तेव्हा आपणहून बोलली. त्या दिवशी सकाळी तिचं आणि बाबांचं भांडण झालं होतं. ती म्हणाली होती, ती गाडीच तुझी पहिली बायको, जा तिच्याकडे आणि परत येऊ नकोस. ‘त्याच डोक्याने तो बाहेर पडला,’ आई म्हणाली, ‘हात त्याचा चुकला, पण चुकवला मी.’

हे तुम्हाला ठाऊक होतं?

ठकू


१७ मार्च

ठकू,

भांडण ठाऊक होतं. वहिनी ते एवढी वर्षं उराशी धरून बसल्यात, हे ठाऊक नव्हतं. तुझं पत्र आल्यापासून मी नीट जेवलेलो नाही.

वहिनींना सांग, दादा चिडलेला नव्हता. मी शेजारी होतो, मला माहीत आहे. तो शीळ घालत होता. एवढं सांग आणि हा विषय मिटव. तुझ्या हातातही काही दोष नाही. ऑटोमॅटिक घे आणि सुखाने फीर.

आता तुला एक सांगतो, हसू नकोस. कानातलं यंत्र मी दुपारी काढून टेबलावर ठेवतो. ते काढलं की दारावरची बेल, कुकरची शिट्टी, शेजाऱ्यांचा कुत्रा, सगळं जग गप्प. पण साडेपाचच्या सुमाराला खालच्या रस्त्यावर गाडी येते. गुणगुण येते, ती थांबते, हुंकार येतो. यंत्र कानात असलं काय नि टेबलावर असलं काय, आवाज तेवढाच. पूर्वी मी धावत खिडकीशी जायचो. आता यंत्र काढून पाहतो. आवाज गेला तर ती जगातली कुणाची तरी गाडी. राहिला तर ती आपली.

मी घरं तीन बदलली. हे घर तर सपाट रस्त्यावर आहे. तरी वळण येतं, चढ येतो.

आणि नेहमी एकच हुंकार येतो. गाडीसाठीचा. घरासाठीचा कधी आलेला नाही. मी वाट पाहत बसतो आणि दिवे लागतात.

म्हातारपणी कान असे खेळ करतात म्हणे. डॉक्टरीणबाई, तुमच्या पुस्तकात याला काही नाव असेल.

काका


२३ मार्च

काका,

नाव आहे, पण आज ते सांगायला लिहीत नाही.

रविवारी फिटरमामांकडे गेले होते. बाबांचे गॅरेजमधले भागीदार, त्यांच्याइतकं गिअरमधलं कोण जाणणार, म्हणून म्हटलं त्यांनाही विचारू. अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, अजून रोज गॅरेजमध्ये जाऊन बसतात, आणि कशावर बसतात सांगू? बाबांच्या गाडीच्या सीटवर. गाडी भंगारात गेली तेव्हा त्यांनी ड्रायव्हरची सीट तिच्या खालच्या सरकत्या पट्ट्यांसकट काढून घेतली आणि जमिनीत बोल्टने बसवली. मला म्हणाले, बस, बापाच्या मांडीवर बसल्यासारखं वाटेल.

बसले. समोर पाय टेकायला ठेवलेल्या फळीला पाय पोचेनात. सीट पुढे ओढायला लागले तर मामांनी खालच्या पट्टीवरच्या खाचा दाखवल्या. कंपनीच्या सात. आठवी, सगळ्यात मागची, बाबांनी स्वतः पाडून घेतलेली, कारण सातव्या खाचेतसुद्धा त्यांचे गुडघे स्टीअरिंगला लागायचे. मामा कौतुकाने सांगत होते. बोलता बोलता म्हणाले, ‘तो गाडी घेऊन गॅरेजमध्ये आला की सीट आठवीतच असायची, तो एक दिवस सोडला तर.’

आणि विषय बदलला. मग चहा मागवू का, पंखा लावू का, मुलं काय म्हणतात. मला मुलं नाहीत, काका.

मी उठले नाही. शेवटी त्यांनी सांगितलं. त्या दिवशी गाडी ओढून आणायला तेच गेले होते. दांडा दुसऱ्या गिअरमध्ये अडकलेला. आणि सीट तिसऱ्या खाचेत. कुणी पाहायच्या आत त्यांनी ती मागे आठवीत सरकवली. मी विचारलं, का? म्हणाले, एक गेला होता, दुसऱ्याला कशाला घालवायचा.

तुम्ही लिहिलंत, बाबा चिडलेले नव्हते, शीळ घालत होते. न चिडलेल्या, शीळ घालणाऱ्या, आयुष्यात कधी न चुकलेल्या माणसाचा हात सरळ रस्त्यावर चुकतो कसा? सहा फूट दोन इंचांचा माणूस तिसऱ्या खाचेत बसतो कसा?

तुमची उंची मला माहीत आहे. तरी तुमच्याकडूनच कळू दे.

एकतीस तारखेला मला गाडी सांगायची आहे.

ठकू


२९ मार्च

ठकू,

गाडी मी चालवत होतो.

पाच दिवस पाच कागद फाडले. प्रत्येकावर या वाक्याच्या आधी बरंच काही होतं. म्हणून या खेपेला तेच पहिलं लिहिलं.

दुपारची वेळ होती. दादा म्हणाला, चल, आज तुला शिकवूनच सोडतो. टेकडीचा रस्ता, उतरणीनंतरचा सरळ भाग. मी चालवायला बसलो, सीट पुढे ओढली. पाठीमागे उशी हवी का, म्हणून त्याने माझी थट्टाही केली. मग म्हणाला, ‘तुझी वहिनी आज पेटली आहे. परत येऊ नकोस म्हणाली. आज घराखाली तीन हुंकार द्यावे लागणार बघ. एक गाडीसाठी, एक घरासाठी, आणि एक चुकलो म्हणून.’ आणि शीळ घालायला लागला. हे त्याचे शब्द जसेच्या तसे आहेत. कविता विसरलो, हे विसरलो नाही.

तिसऱ्या गिअरमधून चौथा सरळ मागे असतो. दादा नेहमी सांगायचा, मूठ आवळू नकोस, दोन बोटांनी ओढ, गिअरला आपली वाट ठाऊक असते. गाडी जोरात होती, इंजिन ओरडत होतं, मला भीती वाटली आणि मी मूठ आवळली. आवळलेली मूठ सरळ जात नाही. चौथ्याऐवजी दुसरा पडला. त्या वेगाला दुसरा गिअर म्हणजे मागच्या चाकांना पहार घातल्यासारखं. गाडी गरकन फिरली आणि त्याच्या बाजूने कठड्यावर गेली. आम्ही दोघे बाहेर फेकले गेलो. मी गवतात पडलो, तो दगडांवर.

लोक धावत आले. कुणीतरी विचारलं, गाडी कोण चालवत होतं? मी तोंड उघडलं होतं, ठकू. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात दुसरा कुणी म्हणाला, दादाच असणार, दुसऱ्या कुणाला हातही लावू देतो का तो. आणि मी तोंड मिटलं.

एवढंच केलं मी. खोटं बोललो नाही. त्या दिवशी बोललो नाही, तेराव्या दिवशी बोललो नाही, तू शाळेत जायला लागलीस तेव्हा बोललो नाही. मग लोक म्हणायला लागले, एवढा मोठा ड्रायव्हर, हात चुकला, आणि मीही तेच म्हणायला लागलो. वर्गात पोरांना सांगायचो, यती चुकवली की ओळ मोडते. माझ्या घरची ओळ मी मोडली आणि नाव ज्याच्या हाताला लागलं, तो हात कधी चुकलाच नव्हता.

तुझे हात त्याचे आहेत. त्यांच्यावर भरवसा ठेव. तुला ऑटोमॅटिक घे म्हणालो ते तुझ्यासाठीच्या भीतीने नाही. तू चढावर हुंकार देत येशील आणि मला तो ऐकावा लागेल, या भीतीने.

हे पत्र वहिनींना दाखव. मला माफी मागायची नाही, ती मागण्याइतकं तोंड उरलेलं नाही. पण तो चिडून गेला नव्हता. तो परत येणार होता. हे त्यांना एकोणचाळीस वर्षांपूर्वी कळायला हवं होतं.

काका


२ एप्रिल

काका,

पत्र आईला दिलं. तिने दोनदा वाचलं. चष्मा काढून पुसला आणि तिसऱ्यांदा वाचलं. रडली नाही. तुमच्याबद्दल एक अक्षर बोलली नाही. फक्त विचारलं, गाडी कधी येणार? मी म्हटलं, चार महिन्यांनी. बरं म्हणाली आणि पत्र घडी घालून आपल्या पिशवीत ठेवलं.

मी लहान असताना तापात तुम्ही माझ्या उशाशी बसून कविता म्हणायचात. तोच माणूस आणि हा माणूस एकच आहे, हे मला अजून जमत नाहीये. काही दिवस लिहिणार नाही. तुम्हीही उत्तराची वाट पाहू नका.

मी मॅन्युअल सांगितली.

ठकू


१९ ऑगस्ट

ठकू,

तू वाट पाहू नका म्हणालीस, म्हणून मधली तीन पत्रं टाकली नाहीत. हेही टाकीन का नाही, माहीत नाही. शिक्षकाला खडू आणि म्हाताऱ्याला कागद दिसला की हात आपोआप चालतो.

एक कळवायचं होतं. ते पत्र पेटीत टाकलं त्या दिवसापासून आवाज बंद झाला आहे. साडेपाच होतात, रस्ता रस्त्यासारखा असतो. मला वाटलं होतं, हायसं वाटेल. तसं झालं नाही. एवढी वर्षं तो रोज निदान वळणापर्यंत तरी येत होता. आता तेही नाही. मी खुर्ची खिडकीशी तशीच ठेवली आहे. काय सांगावं, रागावला असेल. त्याला रागावायचा हक्क आहे.

फिटरमामांचं कार्ड आलं. लिहितात, जीभ सैल सुटली, माफ कर. मी उलट लिहिलं, तुमची जीभ एकदाच सुटली, माझी कधीच नाही, माफी कुणी कुणाची मागायची. त्यांनी पुढे असंही लिहिलंय की त्यांच्या गॅरेजमध्ये कुणी शिकायला येतंय, आणि वयाच्या मानाने हात चांगला आहे. म्हातारा चळला असावा. या वयात कुणाला शिकवतोय

थांब.

आत्ता गुणगुण ऐकू आली. घड्याळात साडेपाचला चार मिनिटं कमी आहेत. गुणगुण थांबली. आता हुंकार येईल.

आला.

सवयीने यंत्र काढलं कानातून. आणि ठकू, आवाज गेला. सगळं गप्प. खिडकीची काच तेवढी थरथरते आहे, बोट लावून पाहिलं. यंत्र परत घातलं. आवाज परत आला, जवळ, अगदी फाटकाशी.

दुसरा हुंकार. घरासाठीचा.

तू आलीस तर. न कळवता आलीस, शहाणी. खाली लाल गाडी उभी आहे, इतकी बुटकी की फाटकावरून नुसतं छप्पर दिसतं. इंजिन अजून चालूच आहे. बंद का करत नाहीस? कशासाठी थांबली आहेस?

तिसरा.

तिसरा दिला. आणि इंजिन बंद केलं.

चालवणाऱ्याचं दार उघडलं. शेजारचं दार बंदच आहे. आधी एक काठी बाहेर आली, मग पांढरं डोकं. ठकू, गाडीत तू नाहीस. वहिनी आहेत, एकट्या. छपरावर हात ठेवून उभ्या आहेत आणि वर माझ्या खिडकीकडे पाहताहेत.

आधण ठेवायला हवं. आधी दार उघडायला हवं. बेल वाजते आहे.